फ्रीडमनसाहेबांचं आजारपण

जानेवारी १९४१च्या पहिल्या आठवड्यात वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी इस्पितळात, मानसिक आजारांच्या वॉर्डात, एक पन्नाशीला टेकलेला नीटनेटका गृहस्थ दाखल झाला. नाव विल्यम फ्रीडमन. केसपेपरवर निदान लिहिलं गेलं ते साधारण असं: दीर्घकाळ एका गुप्त कामावर अतिश्रम केल्यामुळे आलेली चिंतेची प्रतिक्रिया. काम कुठलं, ते केसपेपरवर लिहायची सोयच नव्हती.

आता मंडळी, आमच्या धंद्यात (म्हणजे सायबर सिक्युरिटी. नातेवाईकांच्या भाषेत "तो हॅकिंगचं काहीतरी करतो") बर्नआउट हा शब्द हल्ली इतका वापरला जातो की तो ऐकूनच थकायला होतं. दर कॉन्फरन्सला त्यावर एक सेशन असतं. एचआर योगासनांची लिंक पाठवतं. आणि सगळ्यांचा सूर असा असतो की हे काहीतरी आजच्या पिढीचं, मोबाईलमुळे आलेलं प्रकरण आहे. मला पहिल्यापासून हे पटत नव्हतं. म्हणून गेले काही शनिवार-रविवार जरा मागे जाऊन वाचत बसलो, आणि या फ्रीडमनसाहेबांपाशी येऊन थबकलो. आमच्या सगळ्या घराण्याचा हा मूळपुरुषच म्हणा ना.

फ्रीडमनचा जन्म १८९१चा, किशिनेव्हचा. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आता मोल्दोव्हाची राजधानी आहे. ज्यू कुटुंब, पोर तान्हं असतानाच अमेरिकेत आलं. मुलगा शिकला काय, तर जेनेटिक्स! कॉर्नेल विद्यापीठात. १९१५ मध्ये जॉर्ज फेबियन नावाच्या एका विक्षिप्त श्रीमंत माणसाने त्याला आपल्या रिव्हरबँक नावाच्या इस्टेटीवर पिकांच्या जाती सुधारायला नोकरीवर ठेवलं. ही इस्टेट शिकागोजवळ. तिथे शेजारच्या खोलीत दुसरंच एक खूळ चालू होतं. शेक्सपिअरची नाटकं खरी फ्रान्सिस बेकनने लिहिली आणि तसं त्याने छापील अक्षरांच्या वळणांत सांकेतिक लिपीत लपवून ठेवलंय, हे सिद्ध करायचं. त्या कामावर एलिझबेथ स्मिथ नावाची इंग्रजीची पदवीधर मुलगी होती. फ्रीडमनला आधी ती आवडली, मग सांकेतिक लिप्या आवडल्या. १९१७ मध्ये लग्न झालं. (बेकनबद्दलचा दावा सपशेल खोटा आहे हे या दोघांनीच चाळीस वर्षांनी, १९५७ साली, अख्खं पुस्तक लिहून दाखवून दिलं. याला म्हणतात चिकाटी.)

पहिल्या महायुद्धात या जोडप्याने लष्करी अधिकाऱ्यांना सांकेतिक लिप्या शिकवल्या. १९१८ साली ऑरोरा गावी काढलेला त्या वर्गाचा एक ग्रुप फोटो आहे. शाळेतल्या फोटोसारखाच, सगळे रांगेत. फक्त काही जण कॅमेऱ्याकडे बघतायत, काही भलतीकडे. समोर बघणारा म्हणजे एक खूण, भलतीकडे बघणारा म्हणजे दुसरी. पाच-पाच माणसांचा गट करून वाचला की बेकनच्या लिपीत वाक्य निघतं: ज्ञान हीच शक्ती. शेवटच्या अक्षराला माणसं कमी पडली, म्हणून ते अर्धवटच राहिलं. मनुष्यबळाची टंचाई अशी पार सुरुवातीपासून आहे बघा आमच्यात.

पुढे फ्रीडमनने जे केलं ते मोठं होतं. तोवर सांकेतिक संदेश फोडणं ही अंदाजपंचे दाहोदरसे कला होती. त्याने तिला संख्याशास्त्र बनवलं. एकच उदाहरण देतो. इंग्रजी मजकुरातून कुठलीही दोन अक्षरं उचला, ती सारखी निघण्याची शक्यता शंभरात सुमारे पावणेसात. तेच अक्षरं यदृच्छेने टाकलेली असतील तर चारालाही कमी. एवढ्याशा फरकावरून समोरच्या कचऱ्यात भाषा दडलीय की नाही ते कळतं. ही कल्पना त्याने विसाव्या शतकाच्या विशीत मांडली, ती आजही आम्ही वापरतो. १९३० मध्ये अमेरिकन लष्कराने सिग्नल इंटेलिजन्स सर्व्हिस काढली आणि फ्रीडमनने तीन तरुण गणितज्ञ भरती केले: फ्रँक रोलेट, अब्राहम सिंकॉव्ह, सॉलोमन कुलबॅक. म्हणजे टीम म्हणावी तर एवढीच. आमच्या एखाद्या स्टार्टअपपेक्षाही लहान.

मग १९३९च्या फेब्रुवारीत जपानी परराष्ट्र खात्याने नवं यंत्र वापरायला काढलं. अमेरिकनांनी त्याला नाव दिलं पर्पल. जुनं 'रेड' यंत्र फुटलेलं होतं. नव्या यंत्राबद्दल हातात काहीच नाही. चित्र नाही, सुटा भाग नाही, हेर नाही. फक्त हवेतून पकडलेला गोंधळ. एवढं लवकर लक्षात आलं की जुन्यासारखंच इथेही रोमन लिपीतल्या सव्वीस अक्षरांपैकी सहा वेगळी आणि वीस वेगळी गुंडाळली जातात. सहाचं कोडं काही महिन्यांत सुटलं. वीसचं सुटेना.

सुटेना म्हणजे किती? दीड वर्ष. सिग्नल खात्याचे प्रमुख मोबोर्न यांनी फ्रीडमनला बाकीची कारकुनी बाजूला ठेवून याच्यातच लक्ष घालायला सांगितलं. आता हे 'लक्ष घालणं' म्हणजे काय, ते ज्यांनी एखादा न सापडणारा बग महिनोन् महिने डोक्यात वागवलाय त्यांना सांगायला नको. ऑफिसातून माणूस घरी येतो, बग येतोच बरोबर. फ्रीडमनला झोपेचा त्रास सुरू झाला. आणि गंमत म्हणजे, म्हणजे गंमत कसली डोंबलाची, घरात बायको जगातल्या उत्तम संकेतभेदकांपैकी एक. दारूबंदीच्या काळात तटरक्षक दलासाठी तिने दारू-तस्करांचे हजारो संदेश फोडलेले. पण तिला एक अक्षर सांगायची परवानगी नाही! तीही तिच्या कामाबद्दल गप्प. दोन पोरं, एक स्वयंपाकघर, आणि समोरासमोर बसलेले दोन बंद कुलुपं.

२० सप्टेंबर १९४० रोजी जेनेव्हीव्ह ग्रोट्यान नावाची त्यांच्यातली एक तरुणी कागद घेऊन रोलेटच्या टेबलापाशी आली आणि तिने पेन्सिलने गोल केलेल्या जागा दाखवल्या. ती मुळात गणिताची शिक्षिका व्हायला निघालेली. जो नमुना असायला हवा असं सगळे म्हणत होते तो तिथे होता. ओरडाआरडा झाला, कोकाकोला मागवला गेला. (शॅम्पेन नाही. सरकारी ऑफिस.) रोलेटने पुढे लिहून ठेवलंय की त्या क्षणी फ्रीडमन एकदम थकलेले दिसले. लिओ रोझेन या इंजिनिअरने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागतात ते स्विच वापरून यंत्राची नक्कल बांधली. मूळ यंत्र त्यातल्या एकानेही कधी पाहिलेलं नव्हतं, लक्षात घ्या. आठवड्याभरात, २७ सप्टेंबरला, म्हणजे जर्मनी-इटली-जपान करारावर सह्या झाल्या त्याच दिवशी, पहिले पूर्ण उलगडलेले संदेश तयार होते.

बरं, मग विश्रांती? छे. कोडं सुटलं की काम संपत नाही, सुरू होतं. आता रोज येणारा प्रत्येक संदेश फोडणं आलं. लष्कर आणि नौदल यांच्यात श्रेयाची एवढी ओढाताण की शेवटी तारखा वाटून घेतल्या. सम तारखेचे संदेश लष्कराचे, विषम तारखेचे नौदलाचे. हे मी मनाने रचलेलं नाही! मोठ्या संस्थांमध्ये असे तह कसे होतात हे ज्याने दोन डिपार्टमेंटमध्ये एक डॅशबोर्ड वाटून घेतलाय त्याला बरोबर कळेल.

फ्रीडमनला ब्रिटनला पाठवायचं ठरलं होतं, ब्लेचली पार्कच्या लोकांना पर्पल द्यायचं आणि बदल्यात त्यांची विद्या बघायची. त्याच्या आधीच तो कोसळला. ती वारी सिंकॉव्ह, रोझेन आणि नौदलाच्या दोघांनी केली. फ्रीडमन मार्चपर्यंत इस्पितळात होता.

मला इथे सगळ्यात जास्त टोचलं ते त्याच्या बाहेर आल्यानंतरचं. मार्चमध्ये सुटी मिळाली, आणि लवकरच लष्कराने त्याला प्रकृतीच्या कारणावरून लष्करी हुद्द्यावरून कमी केलं. तो राखीव दलात लेफ्टनंट कर्नल होता. ज्या कामाने तो आजारी पडला त्याच कामाचं हे बक्षीस. त्याने निषेध नोंदवला, उपयोग झाला नाही. मग साधा मुलकी नोकर म्हणून परत त्याच ऑफिसात रुजू झाला आणि युद्ध संपेपर्यंत काम केलं. १९४३ मध्ये ब्लेचलीलाही जाऊन आला. डिप्रेशनने मात्र पाठ सोडली नाही. १९५० मध्ये विजेच्या झटक्यांचे उपचार घ्यावे लागले. १९५५ साली हृदयविकार आणि निवृत्ती. १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्याला एक लाख डॉलर दिले, त्याच्या शोधांची पेटंटं गुप्ततेमुळे त्याला वापरता आली नव्हती त्याबद्दल. आणि १९५८च्या अखेरीस त्याच्याच हाताखालच्या लोकांनी वाढवलेल्या एनएसएची माणसं घरी आली आणि त्याच्या खासगी संग्रहातले कागद 'गुप्त' म्हणून उचलून घेऊन गेली.

न्यायाने बोलायचं तर सगळं खापर कामावर फोडता येणार नाही. माणूस मुळात काळजीखोर, काटेकोर, स्वतःला सुटी न देणारा. पण असेच लोक या कामाकडे ओढले जातात ना! निष्काळजी माणूस दीड वर्ष वीस अक्षरांकडे बघत बसणार नाही.

आता थोडं माझं. मी पुण्यात एका सिक्युरिटी ऑपरेशन सेंटरमध्ये टीम लीड आहे. म्हणजे मोठ्या हॉलमध्ये भिंतभर स्क्रीन, आणि अमेरिका-युरोपातल्या गिऱ्हाइकांच्या नेटवर्कवरचे अलर्ट चोवीस तास बघणारी मुलं. अकरा जण आहेत माझ्याकडे. त्यांचा महिन्याचा रोटा मी बनवतो. एकेकाळी मीही तीच रात्रपाळी केलीय, सलग तीन वर्षं, त्यामुळे पहाटे चारचा चहा आणि सहाची कंपनीची बस यांची चव मला माहीत आहे. गेल्या वर्षभरात तीन जण सोडून गेले. त्यातला शेवटचा माझा सगळ्यात चांगला मुलगा होता. दुसरी नोकरी नव्हती त्याच्या हातात. जाताना म्हणाला, "दादा, मला आता खरा अलर्ट आणि खोटा अलर्ट यातला फरकच वाटेनासा झालाय." आईवडिलांकडे सांगलीला गेलाय, सध्या काही करत नाही. त्याचं ते वाक्य डोक्यात घेऊनच मी हे सगळं वाचायला बसलो होतो. आणि या वाक्याचा इतिहास मला सापडला, तो फ्रीडमनकडे नाही, केंब्रिजला.

युद्धात ब्रिटिश हवाई दलाची विमानं समुद्रावर तासन् तास घिरट्या घालून जर्मन पाणबुड्या शोधायची. आत रडारसमोर एक माणूस बसलेला. पडद्यावर सतत काही ना काही हलणारं, आणि त्यात क्वचित कधीतरी एक छोटासा ठिपका, खरा. हवाई दलाच्या लक्षात आलं की हे ऑपरेटर ठिपके चुकवतायत. प्रश्न केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञांकडे गेला आणि तिथल्या नॉर्मन मॅकवर्थने एक घड्याळ बनवलं.

घड्याळ कसलं, नुसती पांढरी तबकडी. आकडे नाहीत, खुणा नाहीत. एक काटा, दर सेकंदाला एक उडी, शंभर उड्यांत एक फेरा. मधूनच कधीतरी काटा दुप्पट उडी मारतो. ती दिसली की बटण दाबायचं. बस्स. अर्ध्या तासात अठराशे उड्या, त्यातल्या बारा दुप्पट, आणि त्याही अनियमित. कधी पाऊण मिनिटात दुसरी येईल, कधी दहा मिनिटं काहीच नाही. असे दोन तास, एकटं बसून. खोलीत दुसरं कुणी नाही.

पहिल्या अर्ध्या तासात लोकांच्या हातून साधारण सहा-सातांतली एक उडी निसटायची. त्यानंतर चारांतली एक. म्हणजे पडझड होते ती दोन तासांच्या शेवटी नाही, अर्ध्या तासातच! आणि बसलेले लोक कोण, तर हवाई दल आणि नौदलातले धडधाकट तरुण. आळशी नाहीत, झोपाळू नाहीत. १९४८ साली हे छापून आलं आणि 'सतर्कता' हा संशोधनाचा एक स्वतंत्र विषयच होऊन बसला.

मॅकवर्थने उपायही तपासले, आणि हा भाग मी माझ्या मॅनेजरला मोठ्याने वाचून दाखवला. एक: अर्धा तास काम, अर्धा तास सुटी असं आलटून पालटून केलं तर नजर शेवटपर्यंत टिकते. दोन: प्रत्येक वेळी "बरोबर", "चुकलं" असं लगेच सांगितलं तर टिकते. तीन: बेन्झेड्रीनची गोळी दिली तरी टिकते (हा उपाय आमच्याकडे कॉफी मशीनच्या रूपाने आधीच राबवला जातो). चार: मधेच फोन करून "आता जरा अजून चांगलं करा हं" असं सांगितलं, तर थोडा वेळ सुधारणा होते आणि मग परत घसरण. हा चौथा उपाय सगळ्यात स्वस्त असल्यामुळे जगभरच्या कंपन्यांनी तोच उचललाय असं माझं निरीक्षण आहे.

आमच्याकडे पाळी नऊ तासांची. अलर्टची रांग कधी रिकामी होत नाही. आणि "बरोबर-चुकलं" तर विचारूच नका. मुलगा अलर्ट बघतो, वरच्या पायरीवर ढकलतो, पुढे गिऱ्हाइकाने काय केलं ते त्याला कधीच कळत नाही. ठिपका पाणबुडी होता की देवमासा, हे ज्याला कुणी सांगतच नाही त्याने फरक वाटून घ्यायचा तरी कशावरून?

हे किती महागात पडतं याचं जाहीर उदाहरण आहे, आणि त्यात आपला भारतही आहे. २०१३च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीत चोर घुसले. नव्या बसवलेल्या यंत्रणेने ३० नोव्हेंबरला अलर्ट दिला. बंगलोरला बसलेल्या टीमने तो पाहिला आणि मिनिआपोलिसच्या मुख्य टीमला कळवला. २ डिसेंबरला पुन्हा अलर्ट. तिकडे तो बघितला गेला आणि लगेच काही करण्याजोगा वाटला नाही. नावही कसं, तर एक सर्वसाधारण 'मालवेअर डॉट बायनरी', शेकडो अलर्टांसारखाच अजून एक. १२ डिसेंबरला सरकारी खात्याने सांगितल्यावर कंपनीला कळलं. तोवर चार कोटी कार्डांचे नंबर गेले होते. सगळे लेख "इशारा असून दुर्लक्ष केलं" असे छापून आले. मला मात्र राहून राहून ती बंगलोरची मुलं आठवतात. त्यांनी ठिपका पाहिला होता हो!

असो. गाडी परत इतिहासाकडे.

ब्लेचली पार्कबद्दल आपण सिनेमातून जे पाहतो त्यात एक हुशार, तिरसट माणूस आणि एक मोठं यंत्र असतं. प्रत्यक्षात तो एक प्रचंड कारखाना होता. युद्धाच्या शेवटी तिथे सुमारे नऊ हजार लोक कामाला, त्यांतल्या चारांत तीन बायका, आणि पाळ्या तीन: आठ ते चार, चार ते मध्यरात्र, मध्यरात्र ते आठ. (त्याची एक शाखा दिल्लीत होती, माहितीय? आनंद पर्वतावर, रामजस कॉलेजच्या इमारतीत. जपानी लष्कराच्या जलवाहतुकीचा संकेत १९४३ मध्ये फोडण्यात तिथल्या लोकांचा वाटा आहे. त्यातला विल्फ्रेड नॉयस पुढे १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेत होता. हा वेगळ्या लेखाचा विषय.) तिथेही माणसं मोडली. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला अँगस विल्सन ब्लेचलीत असतानाच कोसळला, आणि उपचाराचा भाग म्हणून लिहायला लागला.

पण मला सांगायचंय ते एका पत्राबद्दल. १९४१च्या शरदात तिथली परिस्थिती अशी होती की हुशार माणसं भरपूर आणि साधी माणसं कमी. संदेश फोडायची पद्धत सापडलेली. पण पंचकार्डं चालवायला, टाईप करायला, यंत्रांच्या तपासण्या करायला हात नाहीत. वरिष्ठांकडे अर्ज करून झाले, उत्तर नेहमीचंच. शेवटी २१ ऑक्टोबर १९४१ला चौघांनी, ॲलन ट्युरिंग, गॉर्डन वेल्चमन, ह्यू अलेक्झांडर आणि स्टुअर्ट मिल्नर-बॅरी यांनी, सगळ्या साहेबांना ओलांडून थेट पंतप्रधान चर्चिलना पत्र लिहिलं.

ते पत्र जरूर मिळवून वाचा. त्यात देशभक्ती नाही, आम्ही किती थकलो याचं रडगाणंही नाही. हिशेब आहे. पंचकार्डांच्या विभागाला माणसं अपुरी पडल्यामुळे रात्रपाळ्या बंद कराव्या लागल्या. त्यामुळे नौदलाच्या किल्ल्या सापडायला रोज किमान बारा तास उशीर होतोय. रात्रपाळी परत सुरू करायला सुमारे वीस कारकून मुली लागतील, शिकलेल्या नसल्या तरी चालेल. बघा, अटलांटिकमध्ये बोटी बुडतायत, आणि अडलंय कुठे, तर वीस कारकुनांवर! मिल्नर-बॅरी स्वतः रेल्वेने लंडनला गेला, टॅक्सी करून १० डाउनिंग स्ट्रीटवर, आणि चर्चिलच्या सचिवाच्या हातात लखोटा दिला. दुसऱ्या दिवशी चर्चिलने आपल्या माणसाला लेखी हुकूम सोडला की यांना हवं ते सगळं सर्वोच्च प्राधान्याने द्या आणि दिल्याचं मला कळवा. वर शेरा, आजच्या आज. महिन्याभरात गुप्तहेर खात्याच्या प्रमुखाने शक्य ते सगळं चालू असल्याचं कळवलं. साहेबमंडळी अर्थातच खट्टू झाली. १९४२च्या सुरुवातीला ब्लेचलीचा प्रमुखही बदलला.

हे वाचून मीही एक पत्र लिहिलं. चर्चिलला नाही, आमच्या डिलिव्हरी हेडला. थकवा, स्ट्रेस, मानसिक आरोग्य यातला एक शब्द वापरला नाही. दर पाळीला किती अलर्ट, माणशी किती मिनिटं, रात्री दोननंतर उघडायला लागणारा वेळ कसा वाढतो, आणि दर पाळीला एक माणूस वाढवला तर नजर आणि सुटी यांची आलटापालट कशी बसते. एक्सेलचं एक पान. वर हेही लिहिलं की एप्रिल २०२२च्या सर्ट-इनच्या आदेशाप्रमाणे भारतात घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि आमचे गिऱ्हाईक इथेही आहेत. तीन माणसं मागितली. उत्तर आलं, पुढच्या तिमाहीत बघू. दोन आठवड्यांनी परत तेच पान, नवे आकडे घालून पाठवलं. या शुक्रवारी एका माणसाला मंजुरी आली. एका!

दरम्यान वरच्याला न विचारता जेवढं करता येईल तेवढं केलंय. रांगेसमोर सलग एक तासापेक्षा जास्त कुणी बसायचं नाही, मग तासभर दुसरं काम: रिपोर्ट, नियम सुधारणं, शिकणं. अर्ध्या तासावर आणायला माणसं नाहीत. आणि दर सोमवारी गिऱ्हाइकांच्या मागे लागून, मागच्या आठवड्यात वर ढकललेल्या अलर्टांचं पुढे काय झालं ते गोळा करून पोरांना सांगायचं. पहिल्या सोमवारी एका मुलीला कळलं की तिने रात्री साडेतीनला पकडलेला अलर्ट खरा होता. ती जी हसली, ते मी सांगू शकत नाही. सात महिने झाले होते तिला नोकरीत, आणि हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

'बर्नआउट' हा शब्द या सगळ्यानंतर आला, आणि तो आमच्या क्षेत्रातून आलाच नाही. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचा मानसतज्ज्ञ दिवसा स्वतःची प्रॅक्टिस आणि संध्याकाळी व्यसनाधीन तरुणांच्या फुकट दवाखान्यात सेवा असं करता करता स्वतःच आडवा झाला. कुटुंबाबरोबर सुटीला जायच्या दिवशी अंथरुणातून उठताच येईना. मग त्याने टेपरेकॉर्डरवर स्वतःशी बोलून स्वतःचीच तपासणी केली. १९७४ साली लेख लिहिला, आणि शब्द घेतला तो गर्दुल्ल्यांच्याच बोलीतला. त्याचं निरीक्षण होतं की सगळ्यात आधी जळतात ते झोकून देणारे. १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी ते मोजायची प्रश्नावली काढली: शक्ती संपणं, माणसांबद्दल कोरडं होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. २०१९ला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत त्याची नोंद केली ती आजार म्हणून नाही, तर नोकरीशी संबंधित घटना म्हणून. शब्द मोजून वापरलेत. घटना नोकरीशी संबंधित. १९४१चा वॉल्टर रीडचा केसपेपर याहून वेगळं काय म्हणत होता?

सांगलीच्या मुलाला मी हा मजकूर टाकायच्या आधी पाठवला होता. त्याला विचारलं, तुझं ते वाक्य यात घालू का. तो म्हणाला, "घाला. पण दादा, त्या घड्याळावर तुम्ही किती वेळ टिकाल?" म्हणून काल रात्री मी ते घड्याळच लिहून काढलं. सत्तर-ऐंशी ओळींचा प्रोग्रॅम आहे, तबकडी आणि काटा. अर्धा तास बसलो. बारांतल्या तीन निसटल्या, आणि त्यातली एक तर मी खिडकीबाहेर कुत्रं का भुंकतंय हे बघत असताना. त्याला पाठवून दिलाय प्रोग्रॅम. त्याचा आकडा अजून आलेला नाही.

जाता जाता, फ्रीडमन १९६९ मध्ये गेला. आर्लिंग्टनच्या दफनभूमीत त्याच्या दगडावर एलिझबेथने तेच वाक्य कोरून घेतलं, ज्ञान हीच शक्ती. त्यातल्या काही अक्षरांना टोकं आहेत, काहींना नाहीत. बेकनच्या लिपीत वाचलं की नवऱ्याच्या नावाची आद्याक्षरं निघतात. ही गोष्ट २०१७ साली कुणाच्या तरी लक्षात आली. तोवर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं जगातले निष्णात संकेतभेदक तिथे जाऊन, टोपी काढून, परत येत होते. एलिझबेथबाईंवर स्वतंत्र लिहायचंय. बघू, कुठल्या शनिवारी जमतंय ते. आता रोटा करायला बसतो.